धाकटीचा ब्रेक

७ मार्च, शनिवार

विमानाच्या नोंदींसाठी वेगळी वही आहे. तिच्यात तापमान, वेग आणि तेलाचा दाब लिहायचा. माणसांसाठी तिथे रकाना नाही, म्हणून ही. या वयात विमान कशाला, असं सगळे विचारतात. त्याचं उत्तर इथेही लिहिणार नाही.

आज नवा गिअरबॉक्स बसला. आधी इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये पट्टा होता. जमिनीवर इंजिन चालवून पाहताना तो फाटला आणि शेडच्या पत्र्यावर असा आदळला की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर धावले. इंजिन आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीचं. उभ्या गाडीला ट्रकनं मागून ठोकलं, डिकीचा चुराडा झाला, इंजिनाला ओरखडा नाही. हे म्हणाले, "हिला मरण नाही. हिला पंख लावू." मी तेव्हा हसले, ही माझी पहिली चूक.

ह्यांची हयात बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक ह्यांचे. हिशेब, आकृत्या आणि उड्डाण माझं. पायलटचं लायसन्स माझ्याकडे आहे. ह्यांना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही चक्कर येते. विमानाला हे 'धाकटी' म्हणतात. थोरली म्हणजे आमची मुलगी, ती परगावी असते. "धाकटीचे लाड माझ्यापेक्षा जास्त चाललेत," असं ती फोनवर सुनावते.

गिअरबॉक्समुळे एक गोष्ट बदलली. पट्ट्याच्या जागी दातेरी चाकं आली की पंखा उलटा फिरतो. शिकाऊ विमानात वेग घेताना नाक डावीकडे जायला बघतं, म्हणून उजवा पाय दाबून ते सरळ ठेवायचं. धाकटीचं नाक आता उजवीकडे जाणार, तेव्हा डावा पाय दाबायचा. हे मी फ्लाइंग क्लबच्या कँटीनमधल्या फळ्यावर काढून सगळ्यांना समजावलं. क्लबचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, ते ऐकत होते. मला उडायला त्यांनीच शिकवलं.

"बाई, तुम्हाला कळलं, मला कळलं. तुमच्या पायांना कळलं का?"

"माझे पाय माझं ऐकतात," मी म्हणाले.

सगळे हसले. हे सगळ्यांत मोठ्यानं हसले. तेच मला आवडत नाही.

८ मार्च, रविवार

हळू वेगात धाकटीला धावपट्टीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. पाण्याचं तापमान ठीक. चाकं सरळ चालली.

कँटीनमध्ये कोणीतरी ह्यांना विचारलं, "काका, गाडीचं इंजिन आहे म्हणजे रिव्हर्स गिअरही असेल?" हे म्हणाले, "आहे ना. पण बायको टाकू देत नाही." टेबलं वाजवून हसणं झालं. घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं की आपणच आपली थट्टा करून घेतली तर लोक आपलं विमान गंभीरपणे का घेतील. हे म्हणाले, "थट्टेनं विमान जड होत नाही." ह्यांना लाज म्हणून वाटत नाही. दोघांच्या वाटची मलाच वाटते.

१४ मार्च, शनिवार

लिहायची इच्छा नाही, तरी लिहिते.

आज वेगानं धावायची चाचणी. उडायचं नाही, उडण्याच्या जरा अलीकडच्या वेगापर्यंत जायचं आणि थांबायचं. बघायला अख्खं कँटीन बाहेर आलं होतं. मी थ्रॉटल पूर्ण दिला. वेग चढला आणि नाक उजवीकडे गेलं. मी लगेच पाय दाबला. सरळ व्हायच्या ऐवजी ते आणखी वळलं. मी आणखी दाबला, अगदी तळापर्यंत. धाकटी धावपट्टी सोडून गवतात शिरली, कडेचा एक दिवा उडवला आणि नाल्याच्या काठाशी थांबली.

उजव्या चाकाचा ब्रेक धरला. दुसरं कारण संभवत नाही.

हे धावत आले. धाप लागली होती, चष्मा हातात. माझे खांदे, कोपर चाचपून बघत होते.

"लागलं का कुठे?"

"अहो, लोक बघतायत. उजवा ब्रेक धरला तुमचा."

मी हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. म्हणायलाच हवं होतं, नाहीतर लोकांनी काय समजायचं? हे चाकाशी उकिडवे बसले आणि हातानं ते फिरवून पाहिलं. मोकळं फिरलं.

"आता सुटला असेल," मी म्हणाले.

धाकटीला दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढत आणलं. मी बाजूनं चालत होते. उजव्या चाकावरचं आवरण फुटलं होतं, त्यात गवत अडकलं होतं. कोणी थट्टा केली नाही. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

१५ मार्च, रविवार

सकाळी हे एकटेच धावपट्टीवर फेरी मारून आले.

"काळा डाग नाही कुठे."

"म्हणजे?"

"चाक अडकलं असतं तर टायर घासला असता. पट्टीवर काळा पट्टा उमटला असता. इथे काहीच नाही. गवतात दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या आहेत."

मी म्हणाले, दव असेल.

"भर दुपारी?"

मग ह्यांनी चहाचा कप खाली ठेवून, अगदी हळू, विचारलं, "पाय कुठला दाबलास गं?"

अर्ध्या शहराला मी क्लच आणि ब्रेक शिकवला. मोठमोठे अधिकारी माझ्या शेजारी बसून घामाघूम झाले. त्या मला पाय विचारायचा? स्वतःच्या कामात खोट निघाली की माणसं दुसऱ्याच्या पायाकडे बघतात. हे मी ह्यांना याच शब्दांत सांगितलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, म्हणून मला अधिकच राग आला.

"बरं," हे म्हणाले. "ब्रेक उघडतो."

१८ मार्च, बुधवार

ब्रेक उघडून तीन दिवस झाले. भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवलेत. ह्यांना अजून दोष सापडलेला नाही. काम करताना हे एरवी शीळ घालतात, आता तीही बंद आहे.

थोरलीचा फोन आला. "आई, बाबा गप्प का आहेत?"

"ब्रेक बिघडलाय त्यांचा."

"त्यांचा की विमानाचा?"

"तू वात्रटपणा करू नकोस."

"मी वात्रटपणा करत नाहीये. तू त्यांना काय बोललीस?"

जे खरं ते बोलले, असं सांगून मी फोन ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी तिला हवापाण्याचं विचारलं.

२१ मार्च, शनिवार

विमानतळाच्या व्यवस्थापकांनी दोघांना खोलीत बोलावलं. मी मुद्दे तयार करून नेले होते. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "साहेब, ब्रेक माझा. पॅड बसवण्यात माझी चूक झाली होती. नवे घातलेत."

इतकं सरळ! आठवडाभर ह्यांच्या तोंडून हे ऐकायची मी वाट बघत होते, पण ऐकलं तेव्हा मलाच कसंसं झालं. व्यवस्थापकांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ह्यांच्याकडे.

"असंच लिहू?"

"असंच लिहा."

ठरलं ते असं: ह्यांनी केलेला प्रत्येक भाग बाहेरचा मेकॅनिक तपासणार. पुढची वेगाची चाचणी आणि पहिलं उड्डाण कॅप्टन करणार. कॅप्टनचं नाव ह्यांनीच सुचवलं. "हिला हादरा बसलाय, जरा विसावा घेऊ दे," असं म्हणाले. मला हादरा वगैरे काही बसलेला नाही. पण ज्याच्या ब्रेकमुळे हे झालं त्याला माझी काळजी वाटणं साहजिक आहे, म्हणून मी ताणलं नाही. पहिलं उड्डाण मात्र माझं होतं. ते गेलं.

घरी येताना ह्यांच्याशी मऊपणानं बोलले. चूक कबूल करणाऱ्या माणसाला टोचू नये.

२२ मार्च, रविवार

कँटीनमध्ये ह्यांना आता 'ब्रेकवाले काका' म्हणतात. आज एकानं तोंडावर म्हटलं. हे हसले, पण नुसते ओठांनी. मला ते सहन झालं नाही. मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं की चूक कोणाच्याही हातून होते, ती कबूल करायला मोठं मन लागतं, आणि ज्या मला त्या चुकीचा त्रास झाला त्या मीच ह्यांना माफ केलंय, तेव्हा बाकीच्यांनी हा विषय बंद करावा.

चांगलं बोलले असं मला वाटलं होतं. पण कोणी मान वर केली नाही. कॅप्टन बिनसाखरेचा चहा घेतात, तरी कपात चमचा फिरवत बसले. हे उठले, "हात धुऊन येतो" म्हणाले, आणि आले ते थेट शेडमध्ये, अर्ध्या तासानं.

माणसांना मोठेपणा दाखवलेला झेपत नाही.

२८ मार्च, शनिवार

बाहेरच्या मेकॅनिकला ह्यांच्या कामात काही सापडलं नाही. तो जाताना म्हणाला, "काकांचं वेल्डिंग बघायला पोरांना घेऊन यायला हवं." मी म्हणाले, आता लक्ष घालून केलंय ना.

आज कॅप्टननी वेगाची चाचणी केली. ते आत बसण्यापूर्वी हे त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगत होते, आणि सांगताना स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा थापट्या मारत होते. कॅप्टन मान डोलवत होते. ह्यांचा गुडघा दुखतो हे खरं, पण चाचणीच्या आधी ते पुराण लावायची काय गरज होती? मला भारी संकोच वाटला.

धाकटी सुतासारखी सरळ गेली आणि सरळ थांबली.

"ब्रेकमध्ये काही दोष नाही," कॅप्टन उतरून म्हणाले.

"आता नाही," मी म्हणाले.

कॅप्टननी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी रुमालानं चष्मा पुसायला घेतला.

३१ मार्च, मंगळवार

आज शेडमध्ये एकटीच होते. धाकटीच्या काचा पुसायला आत बसले. शेडचं दार सताड उघडं, समोर धावपट्टी. क्लबचं शिकाऊ विमान पलीकडच्या टोकाला उभं होतं. त्यानं पूर्ण थ्रॉटल दिला, तो चढता आवाज आला, आणि माझा उजवा पाय पुढे गेला.

मी काही ठरवलं नव्हतं. हातात फडकं होतं, नजर काचेवरच्या डागावर होती. आवाज आला आणि पाय गेला. पेडल तळापर्यंत.

मी बसून राहिले. विमान चक्कर मारून आलं, उतरलं, पुन्हा निघालं. मी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून ठेवले. आवाज चढला. उजवी मांडी आपसूक ताठ झाली.

डोळ्यांवरचा पडदा गळून पडला वगैरे लोक म्हणतात, तसं झालं नाही. एकेक गोष्ट येऊन समोर बसत गेली. काळा डाग नव्हता. चाक मोकळं फिरलं. ह्यांनी विचारलं, पाय कुठला. गुडघा दुखत नव्हता, हे कॅप्टनना पाय सांगत होते, डावा, डावा, डावा. फळ्यावर खडूनं काढून मी ज्यांना शिकवलं, त्यांच्यासमोर मी उलटा पाय दाबला आणि उतरून नवऱ्याचं नाव घेतलं.

ह्यांच्या कपाटाच्या खणात ब्रेकच्या पॅडचं पाकीट आहे. फोडलेलंसुद्धा नाही. काही बदललेलंच नव्हतं, कारण बदलायचं काही नव्हतं.

आणि मी ह्यांना माफ केलं होतं. उभी राहून. चारचौघांत.

२ एप्रिल, गुरुवार

काल काही लिहिलं नाही. काल ह्यांच्याशी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाजीचं विचारलं.

रविवारी पहिलं उड्डाण आहे. त्याआधी कागद दुरुस्त व्हायला हवा, म्हणून आज सकाळी एकटीच व्यवस्थापकांकडे गेले. उभ्यानंच सांगितलं: ब्रेकला काही झालं नव्हतं, मी चुकीचा पाय दाबला.

ते दचकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा बाई. ते माहीत आहे आम्हाला."

"आम्हाला म्हणजे?"

"म्हणजे... पाहणाऱ्यांना तेव्हाच दिसलं. शेपटीचा रडर उजवीकडे पूर्ण वळलेला होता, म्हणजे पाय उजवाच. कॅप्टननी त्याच दिवशी मला सांगितलं."

"मग तुम्ही ब्रेक लिहून घेतला कसा?"

"तुमचे मिस्टर आदल्या संध्याकाळी घरी आले होते. म्हणाले, तिच्या नावावर ठपका आला तर या वयात लायसन्स पुन्हा तपासणीला जाईल. माझ्या नावावर लिहा, मला कुठे उडायचंय."

मी विचारलं, कँटीनमध्ये कोणाकोणाला माहीत आहे. त्यांनी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर सरळ केलं. म्हणजे सगळ्यांना. मी माफीचं भाषण केलं तेव्हाही. 'ब्रेकवाले काका' हे नाव ह्यांना हिणवायला नव्हतंच, ते माझ्यावर होतं, आणि ते मला सोडून सगळ्यांना समजत होतं.

"कागद बदला," मी म्हणाले.

"बदलतो. पण तुम्हाला कॅप्टनबरोबर पुन्हा उड्डाणं करावी लागतील, डॉक्टरांची तपासणी येईल, आणि तोवर धाकटीला तुम्ही हात लावायचा नाही. शिवाय आधी खोटं का लिहिलं ते मला वर सांगावं लागेल, ते वेगळंच." त्यांचा आवाज वैतागलेला होता. मला तो वैताग बरा वाटला. गेल्या दोन आठवड्यांत माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

संध्याकाळी. हे शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसले आणि सांगितलं. हे सोलत राहिले.

"कशाला गेलीस?"

"खोटं होतं ते."

"खोटं माझं होतं. तुला काय अडचण होती?"

"तुमच्या कामाला नाव ठेवलं गेलं."

"मेकॅनिकनं तपासलं. माझं काम कसं आहे ते त्याला कळलं, मला कळलं. आणखी कोणाला कळायला हवंय?"

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"विचारलं होतं, पाय कुठला. तू मला घालून पाडून बोललीस. मग म्हटलं, राहू दे. तुझं तुला कळेल तेव्हा कळेल, तोवर कॅप्टन चालवतील." ह्यांनी सालं गोळा केली. "तू ब्रेकचं नाव घेतलंस त्याचं मला काही वाटलं नाही. घाबरलं माणूस की हाताला लागेल ते धरतं. पण तू माफ केलंस ना, सगळ्यांसमोर, ते मात्र लागलं."

मी म्हणाले, माझं चुकलं. हा शब्द मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांकडून रोज म्हणवून घ्यायचे. इतका ओबडधोबड असतो हे ठाऊक नव्हतं.

"हं," हे म्हणाले, आणि परात घेऊन आत गेले. रागावले नाहीत. जणू मी ऐकण्यासारखं काही बोललेच नव्हते.

३ एप्रिल, शुक्रवार

ह्यांनी काल झोपताना दिवा घालवू का एवढंच विचारलं. आज सकाळी दूध आलं का. मी दोन्हींना हो म्हणाले.

दुपारी कँटीनमध्ये गेले. घरातल्या घरात कबूल करून भागणार नव्हतं. जिथे माफ केलं तिथेच जायला हवं होतं. सगळे होते. मी म्हणाले, "त्या दिवशी मी उजवा पाय दाबला. ब्रेक चांगला होता. तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐका." मग काय करायचं ते कळेना, म्हणून चहा मागितला. कॅप्टननी खुर्ची सरकवली. कोणीतरी बिस्किटांची बशी पुढे केली, पण सगळे एकटक बशीकडेच बघत होते. माझ्यासाठी ओशाळलेली माणसं बघणं ही शिक्षा मला आधी माहीत नव्हती.

हे तिथे नव्हते. त्यांच्या कानावर गेलं असेल. बोलले नाहीत.

५ एप्रिल, रविवार

धाकटी उडाली.

वारा नव्हता. कॅप्टन आत, मी जमिनीवर रेडिओ घेऊन, हे शेडच्या दाराशी हाताची घडी घालून. धाकटीनं वेग घेतला, नाक उजवीकडे जरा वळलं, कॅप्टननी ते डाव्या पायानं परत आणलं, आणि चाकं जमिनीवरून सुटली. आवाज गाडीचाच होता, आमच्या जुन्या गाडीचा, फक्त वरून येत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी डोळे मिटले होते. तिला वर बघूनही ह्यांना चक्कर येत असावी.

विमानतळावरच चकरा मारायच्या, लांब जायचं नाही, असं ठरलं होतं. तिसऱ्या चकरेत पाण्याचं तापमान चढायला लागलं. कॅप्टन आकडे सांगत होते, मी उतरवून घेत होते. मर्यादेच्या जवळ आल्यावर मी म्हणाले, "पॉवर कमी करा आणि उतरा." एरवी मी आणखी एक चक्कर मारली असती, हे मला माहीत आहे. कॅप्टन उतरले. रेडिएटरला वारा पुरत नाही. खालचं तोंड मोठं करावं लागेल. हे विमानाच्या वहीत सविस्तर लिहिलंय.

लोकांनी ह्यांना खांद्यावर उचललंच. हे ओरडले की खाली ठेवा, चक्कर येते. खरा हशा झाला. मी लांब उभी होते. जवळ जायला मला तोंड नव्हतं.

उतरल्यावर कॅप्टननी ह्यांना एकच तक्रार सांगितली. ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, उघडाउघडीत नळीत हवा शिरली असणार. म्हणजे जो ब्रेक चांगला होता, तो माझ्यासाठी उघडल्यामुळे बिघडला.

संध्याकाळी सगळे गेले. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाशी बोल्ट सैल करून हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा आवळायचा. मी घरी निघायची तयारी करत होते. कॅप्टन अजून आवारात होते, हे त्यांना हाक मारतील असं मी धरून चालले होते. ह्यांनी पाना आणि बाटली घेतली, चाकाशी चटईवर आडवे झाले आणि खालून म्हणाले, "अगं, पाय दे जरा."

"मला हात लावायचा नाही, असं साहेबांनी सांगितलंय."

"हात कोण मागतंय?"

मी आत बसले.

"उजवा."

मी उजवा दाबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो पाय बरोबर जागी होता, कारण कोणीतरी सांगितलं म्हणून तो गेला होता.

"धर."

धरला. खाली बाटलीत बुडबुडे निघाल्याचा आवाज आला. पेडल हळूहळू तळाला गेलं. बोल्ट आवळल्याचा आवाजही आला. त्यानंतर ह्यांनी 'सोड' म्हणायला हवं होतं. विसरले की मुद्दाम थांबले, कळलं नाही. पोटरीत गोळा आला. सोडू का, असं मी विचारलं नाही.